महाराजांना आधी भेटा

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या, पारा 45 कडे निघाला, आणि घरोघरी एकच विषय सुरू झाला: यंदा शिबिर कोणतं? अंबाझरीकडचं सकाळचं, की चिखलदऱ्याचं पाच दिवसांचं? माझ्या घरी या प्रश्नाला एक शेपूट आहे. माझ्या 10 वर्षांच्या मुलाला सिलिॲक हा आजार आहे.

गहू, जव किंवा राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की अशा मुलांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जातं. अन्नरस शोषणारी आतली लव झिजते. मग पोट फुगतं, उंची-वजन अडतं, रक्त कमी होतं. गोळी नाही; जन्मभर ग्लुटेन बंद, एवढाच उपचार. त्यात 'एक घास खाल्ला, काही झालं का?' असं विचारणारे भेटतातच. वरून काही दिसलं नाही तरी आत इजा होऊ शकते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. म्हणजे किलोभर अन्नात कणकेची एक चिमूटही फार झाली.

दोन वर्षांपूर्वी एका शिबिराच्या ऑफिसात मला सांगितलं, "काहीच टेन्शन नका घेऊ जी, त्याला पोळी देणारच नाही." मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी फोन आला, पोट दुखतंय. जाऊन स्वयंपाकघरात पाहिलं. वरणाच्या फोडणीसाठी ठेवलेल्या हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं, गव्हाचं पीठ. पापड तळलेले समोशाच्याच कढईत. कशानं दुखलं, कोण सांगणार?

तेव्हापासून संचालकांशी बोलणं नंतर, आधी महाराजांशी, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांशी. आणि 'ग्लुटेन' हा शब्द मी घरीच ठेवून जाते. मी म्हणते, "महाराज, एकादशीचं ताट कसं वेगळं करता? पोळीचा हात साबुदाण्याला लावता का?" झालं! पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. वेगळा चमचा, वेगळी कढई, आधी याचं रांधून झाकून ठेवायचं आणि मग कणीक मळायची, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उपवासाच्या फोडणीत हिंगही पडत नाही. पण म्हणून पाच दिवस पोराला साबुदाण्यावर ठेवू नका बरं! भात, साधं वरण, झुणका, ज्वारीची भाकर असं आपलं रोजचंच जेवण त्याला चालतं. फक्त हिंग नको, किंवा तांदळाच्या पिठातला पाहून घ्या.

भाकरीची मात्र एक मेख आहे. ज्वारी निर्दोष, गिरणी नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू त्याच जात्यातून गेलेले असतात, आणि पहिलं पीठ त्यांचंच निघतं. बेसनाचंही तसंच. मी घरच्या छोट्या चक्कीवर दळून, डब्याला लाल फीत बांधून पाठवते. सोबत तवा आणि उलथणंही.

जिथे स्वयंपाकघर दाखवायला कां-कूं करतात, तिथून मी उठते. 'आम्हाला माहीत नाही, तुम्ही सांगा' म्हणणाऱ्यांवर माझा जास्त भरवसा बसतो. जेवणाखेरीज हस्तकलेच्या तासाचंही विचारा. कागद चिकटवायला मैद्याची खळ असते, लहान मुलांना खेळायला कणकेचा गोळा देतात. हाताला लागून बिघडत नाही, तोच हात तोंडात जातो तेव्हा बिघडतं. रात्री शेकोटीपाशी कोणी प्रेमानं बिस्किट पुढे केलं, तर 'मला चालत नाही' हे मुलाला न लाजता म्हणता आलं पाहिजे. त्याचा सराव घरीच करून घ्या. पहिल्यांदाच पाठवत असाल तर गावातलं, दुपारी घरी आणणारं शिबिर बरं.

अमेरिकेत फक्त अशाच मुलांसाठी शिबिरं भरतात, सगळ्यांचं ताट एकच. आपल्याकडे ते कधी होईल तेव्हा होवो. मागच्या मे महिन्यात माझा मुलगा चिखलदऱ्याला जाऊन आला. पोट ठीक, गुडघे फुटलेले, आणि तक्रार एकच: "आई, माझी भाकर सगळ्यांनीच खाल्ली."

यंदा पीठ दुप्पट दळते आहे.