साडेतीन डॉलरची अट

(दृश्य : महापालिकेचा दवाखाना, लसीकरणाचा दिवस)

सकाळचे साडेनऊ. बाकडं केव्हाच भरलंय. निळ्या डब्यातून सिस्टर एक कुपी काढतात, उजेडात धरून बघतात. दीड महिन्याचं बाळ, कानटोपीत गाढ झोपलेलं. उजवी मांडी.

(आवाज : "पाय घट्ट धरा हं, आजी." बाळाचं रडणं. निवेदन नाही.)

ही न्यूमोकोकल लस, न्यूमोनियापासून वाचवणारी. अमेरिकेत अशी पहिली लस २००० साली आली. गरीब देशांत बाळं जास्त, आजार जास्त, खिसा मात्र रिकामा. त्यांच्या भरवशावर कारखाना कोण उभारणार?

दिवाळीचा फराळ करणाऱ्या काकू आठवा. वहीत ऑर्डरी लिहिल्या की मगच भाजणी गिरणीत जाते. पैसे, डबा हातात पडल्यावर. २००९ साली लसीचा बाजार जवळपास असाच मांडला गेला. इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी दीडशे कोटी डॉलरची हमी दिली. लस जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीला उतरली पाहिजे, गरीब देशाने ती मागितली पाहिजे. तोवर दमडी नाही. मग सुरुवातीच्या काही डोसांना सात डॉलर. बदल्यात अट : पुढची दहा वर्षं साडेतीन डॉलरच्या वर जायचं नाही. दानधर्म म्हणावा तर फारच हिशेबी! कल्पनेच्या शिल्पकारांपैकी एक, अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर. त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

(दृश्य : हडपसर, सोलापूर रस्ता, पाळीच्या बसगाड्या)

याच हडपसरात १९६६ साली घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सीरम काढायला सुरुवात झाली. कंपनीचं नावही तेच पडलं, सीरम इन्स्टिट्यूट. तिची न्यूमोकोकल लस 'न्यूमोसिल' कसोटीला उतरली डिसेंबर २०१९ मध्ये. हमीतला बहुतेक पैसा तोवर दोन बड्या परदेशी कंपन्यांच्या वाट्याला गेलेला. पुणेकर उशिरा पोहोचले, आणि गरीब देशांसाठी भाव लावला दोन डॉलर. अट साडेतीनची होती!

२०२१ पासून देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत न्यूमोकोकल लस मोफत मिळते.

(दृश्य : पुन्हा दवाखाना)

बाळ हुंदके देत शांत होतंय. सिस्टर कार्डावर पुढची तारीख टाकतात, चौदाव्या आठवड्याची. आजी ती दोनदा विचारून घेतात.