मिसळीनंतर दिंडोरी रस्ता

फेब्रुवारीतला रविवार. नाशिकला मिसळ खायची आणि जेवणाच्या वेळेला घरी परतायचं, बेत एवढाच होता. पण बाहेर पडलो तेव्हा हवेत अजून गारवा होता, आणि आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "चला, दिंडोरीकडे जाऊन येऊ." म्हसरूळ मागे पडलं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बागाच बागा.

एका फाट्यावर हाताने रंगवलेली पाटी दिसली. वायनरी. गाडी आत घातली.

पत्र्याची शेड, दारात धुतलेल्या क्रेटची चळत, ओल्या फरशीवर आंबूस-गोड वास. मालक साठीच्या घरातले. आम्ही टाक्यांकडे निघालो, तर म्हणाले, "आधी बाग बघा दादा. टाक्या मग."

(दृश्य : शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा घड, अगदी जवळून)

करवंदाएवढे निळेकाळे मणी, दाटीवाटीने बसलेले. खायच्या द्राक्षाला शेतकरी विरळणी करतो, जीए (मणी फुगवणारं संजीवक) देतो, मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून जिवाचं रान करतो. इथे मणी बारीकच हवा. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. काकांनी एक मणी बोटांत चिरडला. रस जवळजवळ बिनरंगाचा, आणि बोट मात्र जांभळं. रेड वाइनचा सगळा रंग सालीत असतो, हे वाचलेलं होतं. त्या बोटाकडे बघून ते पटलं.

थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. पीक मात्र एकच. गोडी छाटणीनंतर भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग आणि अवकाळी पाऊस, या तिघांच्या तावडीतून घड वाचला, तरच तो फेब्रुवारी बघतो.

तोडणी पहाटेच उरकते. गार द्राक्षाची आंबटाई टिकते, आणि ते टाकीपर्यंत पोचायच्या आत आंबायला लागत नाही.

(दृश्य : शेडमधली उघडी टाकी)

पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच सालीपासून वेगळा काढतात. रेडचा रस सालीसकटच आंबतो. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर रसावर तरंगतो. काका लांब दांड्याने तो थर खाली दाबत होते. दिवसातून दोन-तीनदा, हातानेच. मी टाकीवर वाकले, तसे ते म्हणाले, "ताई, मागे व्हा. त्या वायूने चक्कर येते."

सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं, तेव्हा कुठे ७५० मिलिलिटरची एक बाटली.

२००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि नाशिक जिल्ह्यात कितीतरी शेतकरी या धंद्यात उतरले. मग २००८-०९ ची मंदी आली. माल पडून राहिला, अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या, आणि काहींनी वाइनच्या द्राक्षाचे वेल मुळासकट उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. पाच-सहा वर्षं वाढवलेला वेल उपटणं काय असतं, ते शेतकऱ्यालाच विचारावं. या काकांनी अर्धी बाग काढली आणि अर्धी ठेवली. का ठेवली, हे मी विचारलं. ते त्या उरलेल्या ओळींकडे बघत राहिले, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घेतला. बाकीच्यांनी दोन-दोन घोट. शिराझ जिभेवर आधी मिऱ्यासारखी लागते, मग जांभळासारखी तुरट.

(दृश्य : बांधावर चोथ्याचा ढीग)

दाबून उरलेला चोथा, साली आणि बिया, बांधावर कुजत घातल्या होत्या. पावसाळ्याआधी ते खत त्याच वेलांच्या बुडाशी जाणार. निघताना काका क्रेट मोजत होते. पहाटे साडेपाचला पुढच्या चार ओळींची तोडणी होती.