तक्ता पास, जोडी नापास

[दृश्य: अक्षरांचा तक्ता. एक मुलगी एक डोळा झाकून वाचते आहे.]

उजवा डोळा झाकून तक्ता वाचून झाला, मग डावा झाकून. दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक. कागदावर ६/६, म्हणजे नजर उत्तम, असं लिहिलं गेलं. हीच मुलगी धडा वाचायला बसली की थोड्याच वेळात कपाळ चोळू लागते. वाचलेली ओळ पुन्हा वाचते. अक्षरं हलतात, म्हणते. घरात निष्कर्ष तयारच असतो: अभ्यासाचा कंटाळा.

तक्त्याची यात चूक नाही. एकेकटा डोळा किती बारीक अक्षर ओळखतो, एवढंच त्याला विचारलं होतं. दोघं मिळून कसं काम करतात, हे कुणी तपासलंच नाही.

[दृश्य: डोळ्यांच्या हालचालीचं रेखाचित्र]

एकेका डोळ्याला हलवायला सहा स्नायू असतात. दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी. या फरकातूनच मेंदू खोलीचा, म्हणजे वस्तू किती जवळ किंवा लांब आहे याचा, अंदाज बांधतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपनं, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणानं, दाखवून दिलं. मात्र त्यासाठी दोन्ही डोळे नेमके एकाच बिंदूवर रोखलेले हवेत. जवळचं वाचताना ते दोघंही नाकाकडे वळले पाहिजेत, आणि त्याच वेळी आतल्या भिंगानं फोकसही बदलला पाहिजे.

हे आत वळणं कमी पडतं, त्याला ‘कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी’ म्हणतात. तपासणारी व्यक्ती पेनाचं टोक हळूहळू नाकाजवळ आणते. बहुतेकांचे डोळे सहा सेंटिमीटरच्या आसपासपर्यंत टोक धरून ठेवतात. इथे त्याआधीच एक डोळा बाहेर सरकतो, किंवा टोकं दोन दिसू लागतात. ही चाचणी घरीही करता येईल, पण तिच्यावरून निदान करू नये. प्रिझमनं, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या तिरप्या काचेनं, मोजमाप करावं लागतं, चष्म्याचा नंबर नीट तपासावा लागतो.

[दृश्य: उपचारकक्ष. एक मुलगा यंत्रासमोर बसला आहे.]

उपचार म्हणून बहुतेक वेळा एकच सल्ला मिळायचा: पेन्सिल नाकाजवळ न्या, लांब न्या. २००८ मध्ये ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीनं त्याची परीक्षा घेतली. १२ आठवड्यांनंतर, दर आठवड्याला प्रशिक्षित व्यक्तीसमोर व्यायाम आणि जोडीला घरचा सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल धरणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि तुलनेसाठी उपचाराचं निव्वळ नाटक वाट्याला आलेल्या मुलांत ३५. म्हणजे पेन्सिलीची कमाई नाटकापेक्षा फारशी जास्त नव्हती.

मात्र इथेच जाहिराती सुरू होतात. डोळ्यांचे व्यायाम करा, मूल अभ्यासात चमकेल! याच व्यायामांची पुढची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचलेलं समजण्यात व्यायाम करणारी मुलं नकली उपचार मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. डोळे जुळवून आणणं हा या व्यायामांचा खरा उपयोग, आणि तेवढाच मानावा. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली मुळातली अडचण, त्यांनी बरा होत नाही.

[दृश्य: तपासनीस एक डोळा झाकून उघडते. उघडा डोळा किंचित हलतो.]

ही आणखी साधी चाचणी. मूल एका खेळण्याकडे बघतं आहे. तपासनीस त्याचा एक डोळा झाकते आणि नजर दुसऱ्यावर ठेवते. तो खेळण्याकडे यायला हलला, तर आधी तो दुसरीकडेच बघत होता. हा तिरळेपणा. कधी तो इतका थोडा असतो की चेहऱ्याकडे बघून कळत नाही. कधी दमल्यावरच उमटतो, आणि उन्हात गेलं की मूल एक डोळा मिटून घेतं.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक वाकडा झाला तर त्याला एकाचे दोन दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र नको असलेलं चित्र गाळूनच टाकतो. म्हणूनच मूल तक्रार करत नाही. हे गाळणं चालू राहिलं की त्या डोळ्याची नजर घडतच नाही. डोळा शाबूत, तरी दिसतं कमी. हा आळशी डोळा, अर्थात आळस डोळ्याचा नाही. लहानपणीच्या ठरावीक काळात डोळा झाकला गेला तर मेंदूतली जोडणीच बदलते, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दाखवलं. १९८१ च्या नोबेलचे ते मानकरी होते.

तेव्हा ‘मोठेपणी जाईल’ म्हणत थांबू नये. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात. त्यानंतरही जात असतील तर दाखवावं. फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण त्यामागे डोळ्यातली गाठ असू शकते.

उपचार कारणावर ठरतो. मोठ्या प्लस नंबरमुळे डोळा आत वळत असेल तर कधी नुसत्या चष्म्यानंच तो सरळ येतो. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. सात वर्षांखालच्या मुलांत दोष मध्यम असेल तर रोजचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी पडतात, हे २००३ मध्ये दिसलं. पट्टी नजर सुधारते, डोळा सरळ करत नाही. त्यासाठी गरज पडल्यास स्नायूंची शस्त्रक्रिया होते, आणि ती मोठ्यांवरही करता येते.

[दृश्य: एक प्रौढ माणूस हातानं एक डोळा झाकतो.]

प्रौढांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकाचे दोन दिसू लागले तर आळीपाळीनं एकेक डोळा झाका. कुठलाही एक झाकल्यावर दुसरं चित्र गेलं, तर बिघाड जोडीत आहे. एकट्या डोळ्यालाही दोन दिसत असतील, तर मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर तपासायला हवा. आणि जोडीतला हा बिघाड अचानक आला असेल, सोबत पापणी पडली असेल, एक बाहुली मोठी झाली असेल किंवा डोकं असह्य दुखत असेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.