ब्लॉकेज ३० टक्के, तरीही धोका

राजापूरहून पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला निघालेल्या माणसाला वाटेत चहाची तलफ येतेच. आज मात्र चहा नको. हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीआधी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन) १२ तास चहा-कॉफी बंद, कारण त्याने नाडी वाढते आणि इथे सगळा खेळ नाडीचा आहे.

ठोके मिनिटाला साठच्या आसपास हवेत. त्यासाठी तासभर आधी मेटोप्रोलॉलची गोळी देतात. दमा असेल तर आधीच सांगायचं. रक्तवाहिन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल, तर लाज न बाळगता सांगा. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक घसरतो.

उन्हाळ्यात कोकणात छाती घामाने चिकट असते, ईसीजीचे इलेक्ट्रोड सुटतात. म्हणून छाती कोरडी पुसून, केस काढून मगच ते लावायचे. यंत्र ईसीजीच्या तालावरच हृदय क्षणभर स्थिरावलेलं टिपतं. ताल चुकला की चित्रात पायरी पडते आणि धडधाकट रक्तवाहिनी तुटल्यासारखी दिसते.

मग शिरेतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उजळ दाखवणारं औषध, सेकंदाला ५ मिली. अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्याचा भास होतो. होत नाही. ‘श्वास घ्या, धरा.’ पाच-दहा सेकंद, बस्स.

आता पडद्यावर पाहा. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी ही डावी रक्तवाहिनी. आतली वाट ३० टक्केच अरुंद, रक्त पुरेसं जातंय. ट्रेडमिल टेस्ट बहुधा नॉर्मल येईल. पण भिंत बाहेरच्या अंगाला फुगली आहे. तिच्यातला हा काळपट डाग बघा. घनता ३० हाउन्सफील्डच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) खाली, म्हणजे चरबीचा मऊ गाभा. भोवती उजळ कडं, शेजारी ३ मिलिमीटरहून लहान कॅल्शियमचे ठिपके. असा प्लाक, म्हणजे भिंतीत साचलेला थर, फुटला तर त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. त्याच्यावरचं आवरण ६५ मायक्रॉनहून (०.०६५ मिलिमीटर) पातळ असू शकतं. ते सीटीला दिसत नाही, आजूबाजूच्या खुणांवरूनच ओळखावं लागतं.

नुसता कॅल्शियम स्कोअर (डाय न देता फक्त कॅल्शियम मोजणारं स्कॅन) काढला असता, तर हे ठिपके सापडले असते, गाभा नाही. म्हणून रिपोर्टमध्ये टक्क्यांच्या पुढची ओळही वाचा: प्लाक कसला आहे?

अशा ३० टक्क्यांना सहसा स्टेंट लागत नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू होते, मिश्री आणि विडी सोडावी लागते. औषधाने गाभा आटतो, जागी कॅल्शियम धरतं. पुढच्या स्कॅनला कॅल्शियम वाढलेलं दिसलं, तर घाबरून गोळी बंद करू नका.