अपडेट फसलं? आधी पॉवर बटणावरचा हात काढा

नमस्कार मंडळी! विंडोजचं अपडेट नव्वद टक्क्यांवर गेलं, पीसी रीस्टार्ट झाला आणि स्क्रीनवर आलं, 'अनडूइंग चेंजेस'. अर्धा तास झाला, नुसतं गोल फिरतंय. अशा वेळी हात पॉवर बटणाकडे जातोच. कृपा करून तो मागे घ्या!

अपडेट फसलं हे विंडोजला कळलंय आणि ते जुन्या फाइल्स परत जागेवर लावतंय. बहुतेक पीसी फसलेल्या अपडेटमधून नीट बाहेर येतात. बिघडतात ते या क्षणी वीज तोडल्यामुळे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि दोन-तीन तास जाऊ द्या. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे.

डेस्कटॉप परत आला? लगेच पुन्हा अपडेट मारू नका. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्ट्री. तिथला एरर कोड लिहून घ्या. अर्धं निदान त्यात असतं.

कोडच्या शेवटी ७००७० असेल, तर सी ड्राइव्हवर जागा नाही. स्टोरेजमधून टेम्पररी फाइल्स काढा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं बरं का! त्यावर टिक केलीत, तर तिथे ठेवलेले फोटो, कागदपत्रं सगळं जाईल.

सी१९००१०१ दिसला, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स अशा भागांना विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर. प्रिंटर, पेनड्राइव्ह, यूएसबी हब काढा. वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल, तर तो तात्पुरता अनइन्स्टॉल करा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पीसी बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

७३७१२ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्याच फाइल्स खराब. त्या दुरुस्त करायला विंडोजमध्येच डिझम आणि एसएफसी या दोन कमांड असतात. इथे आधी डिझम चालवायचं, मग एसएफसी. बरेच जण उलटं करतात. एसएफसी चांगल्या फाइल्स ज्या साठ्यातून घेतं, तो साठा डिझम दुरुस्त करतं. साठाच खराब असेल, तर एसएफसी आणणार कुठून?

आता पीसी चालूच होत नसेल तर? अपडेटचा कुठलाही मेसेज नाही, नुसता लोगो येऊन अडकतोय, अशाच वेळी पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ तीनदा झालं की रिकव्हरीची स्क्रीन येते. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. दर महिन्याचं अपडेट असेल तर क्वालिटी, मोठं व्हर्जन बदललं असेल तर फीचर.

इथेच पीसी कदाचित बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर ती बहुधा त्या अकाउंटमध्ये असते आणि मोबाइलवरूनही बघता येते. ती आजच बघून ठेवा, पीसी धड चालतोय तोवर. आणि त्याच पीसीत सेव्ह करू नका, कागदावर लिहा.