एकच काम, तीन आडनावं: वॉकर, टकर आणि फुलर

[दृश्य: पाणचाक फिरतंय. गिरणीच्या आत दोन जाडजूड लाकडी हातोडे आळीपाळीनं खाली येतात.]

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातलं हेल्मशोअर. ही गिरणी 1789 साली बांधलेली. पाणी आहे, चाक आहे, पण इथं धान्य कधी दळलं गेलं नाही. इथं लोकरीचं कापड तुडवलं जायचं.

हे काम करणाऱ्याला इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि आग्नेयेला फुलर. आज ही तिन्ही आडनावं लंडनपासून बर्म्युडापर्यंत आणि व्हर्जिनियापासून मुंबईपर्यंत सापडतात. आडनाव लावणाऱ्या बहुतेकांना या हातोड्यांचा आवाज माहीत नाही. म्हणून आधी काम पाहू, मग माणसं.

[दृश्य: मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोर धरलेलं]

मागावरून उतरलेलं लोकरी कापड असं दिसतं. वीण विरळ, आरपार उजेड येतो. लोकर पिंजताना आणि कातताना तिला लोणी किंवा तेल चोळलेलं असतं, ताण्याला खळ दिलेली असते. हा तेलकटपणा निघाल्याशिवाय कापडावर रंग नीट चढत नाही आणि पोतही दाट होत नाही.

मध्ययुगात साबण महाग होता. त्याऐवजी वापरलं जायचं मानवी मूत्र. घरोघरी ते पिंपात साठवलं जाई. पण ताजं चालत नाही. दोन-तीन आठवडे आंबू दिलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो तेलाला सोडवतो. घाईनं ताजं वापरलं तर तेल आहे तिथंच राहतं.

[दृश्य: पांढरट-पिवळी माती पाण्यात कालवली जाते]

मूत्राच्या पाठोपाठ ही माती. इंग्रजीत तिला फुलरचीच माती म्हणतात. आपल्याकडे अशीच माती मुलतानी माती म्हणून वाण्याकडे मिळते. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यात नटफिल्डजवळ आणि बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ निघायची. तिचे सूक्ष्म कण चरबी शोषून घेतात. तिचं महत्त्व एवढं होतं, की परदेशी विणकरांच्या हाती लागू नये म्हणून 17व्या शतकात इंग्लंडनं तिच्या निर्यातीवर बंदी घातली. माती वाळवायची, पाण्यात फुगवायची, मग गाळायची. गाळण्यात कुचराई केली तर एखादा वाळूचा खडा कापडाबरोबर हातोड्याखाली जातो आणि भोक पाडतो. विणकराची आठवड्यांची मेहनत तिथंच वाया.

[दृश्य: हातोड्याखालची कुंडी, अगदी जवळून. कापडाचा ओला गोळा हळूहळू स्वतःभोवती वळतोय.]

आता खरं काम. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि मार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तंतू एका दिशेला सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. कापड आटत जातं आणि दाट होतं. रुंदीत एक तृतीयांश, कधी त्याहून जास्त. म्हणूनच विणकर मागावर कापड भरपूर रुंद विणायचा.

कुंडीचा तळ पाहा. तो गोलाकार आहे आणि त्याचं कारण आहे. हातोडा पडला की कापड दाबलं जातं आणि गोलाईवरून थोडं पुढं सरकतं. दुसरा हातोडा पडेपर्यंत नवी घडी समोर आलेली असते. तळ सपाट असता तर एकाच जागी मार बसून कापड फाटलं असतं.

तरीही दर दोनेक तासांनी कापड बाहेर काढून, झटकून, सुरकुत्या सोडवून पुन्हा आत घालावं लागतं. हे केलं नाही तर सुरकुतीच्या दोन्ही बाजू एकमेकींत कायमच्या अडकतात आणि मग ती रेघ कशानंही जात नाही. पाणी जास्त झालं तर कापड गार पडतं आणि आटतच नाही. पाणी कमी पडलं तर घर्षणानं तंतू तुटतात. कापड किती आटलं हे हातानं चाचपून ठरवायचं. एकदा गरजेपेक्षा जास्त आटलं की ते पुन्हा मोकळं करता येत नाही.

[दृश्य: स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटं. फळीभोवती बसलेल्या बायका ओलं कापड आपटत, गात आहेत.]

पाणचाकाआधी हेच काम पायांनी किंवा हातांनी होत असे. दोन-तीन माणसं कुंडीत उतरून तासन् तास ओलं कापड तुडवत राहायची. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका फळीभोवती बसून गाण्याच्या ठेक्यावर कापड आपटत. गाण्यामुळे सगळ्यांचा मार एकसारखा पडे आणि कापडही एकसारखं आटे.

[दृश्य: डोंगरातला ओढा, काठावर जुन्या भिंती]

इंग्लंडमध्ये पाण्यावर चालणाऱ्या तुडवण गिरण्यांच्या सर्वांत जुन्या नोंदी 1185च्या आहेत. टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या संघानं आपल्या मालमत्तेची यादी केली, तिच्यात यॉर्कशर आणि ग्लॉस्टरशरमधल्या अशा दोन गिरण्या आहेत. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कापडाचा हा टप्पा वाहत्या पाण्याकडे सरकला. पेनाइन्स डोंगरांचे उतार, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्या, डेव्हन परगणा. जिथं ओढा तिथं गिरणी, आणि जिथं गिरणी तिथं ते आडनाव.

गिरणी मालकाची, म्हणजे जमीनदाराची किंवा मठाची. कुळांनी कापड तिथंच आणावं अशी सक्ती असे. सेंट ऑल्बन्स या मठाच्या गावात लोक घरीच कापड तुडवत राहिले, तेव्हा 1274 साली मठाशी मोठा तंटा झाला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून राणीकडेही दाद मागितली. ते हरले. पण पायांनी तुडवणाऱ्या या माणसांनी एका मठाविरुद्ध पैसे गोळा करून दावा लढवला होता.

[दृश्य: एक्सेटर, फोर स्ट्रीट. टकर्स हॉलचा दरवाजा, आत लाकडी छत आणि प्रचंड मोठ्या कात्र्या.]

डेव्हनमधल्या एक्सेटर शहरातला हा टकर्स हॉल. विणकर, टकर आणि कापड कातरणारे यांच्या संघानं 1471 साली तो बांधला. सुरुवातीला ती प्रार्थनेची जागा होती. आत ठेवलेल्या या कात्र्या माणसाच्या हाताएवढ्या लांब. तुडवलेलं कापड टीझल या झुडपाच्या काटेरी बोंडांच्या ब्रशानं घासून लव उठवायची, मग या कात्रीनं ती समपातळीत कातरायची. कातरणाऱ्याचंही आडनाव झालं: शर्मन.

[दृश्य: ऑटरबर्न, उघड्या माळावर लाकडी चौकटींची रांग]

आणि या चौकटी नॉर्थंबरलंडमधल्या ऑटरबर्नच्या. आटलेलं ओलं कापड कडांना आकड्यांवर अडकवून ताणत वाळवायचं, म्हणजे रुंदी सगळीकडे सारखी राहते. काही व्यापारी जास्त ताणून कापडाची लांबी वाढवत. पहिल्या पावसात ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आटायचं. हे रोखायला इंग्लंडमध्ये वारंवार कायदे झाले.

[दृश्य: चर्मपत्राची लांब गुंडाळी उलगडते]

आता कामाचं आडनाव कसं झालं ते पाहू. 1377, 1379 आणि 1381 साली राजानं डोईपट्टी बसवली. 1379ची यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाची यादी टिकून आहे. साध्या माणसाला 4 पेन्स, कारागिराला जास्त. म्हणून जास्त भरणाऱ्याच्या नावापुढे त्याचा धंदाही लिहिलेला. त्यामुळे नाव वॉकर आणि धंदा वेगळाच, असं कुठं दिसलं तर समजावं की नाव बापाकडून मुलाकडे गेलंय. दक्षिणेत साधारण 1350पर्यंत आणि उत्तरेत त्यानंतर शंभरेक वर्षांत बहुतेक घरांची आडनावं अशी कायम झाली.

एक अडचण मात्र आहे. बरेच कारकून लॅटिनमध्ये लिहीत. गावात कुणाला टकर म्हणोत की वॉकर, कागदावर सगळेच फुल्लो, म्हणजे लॅटिनमध्ये कापड तुडवणारा. त्यामुळे फक्त लॅटिन नोंदीवरून माणसाचा प्रदेश ओळखता येत नाही.

[दृश्य: 1881च्या जनगणनेवरून रंगवलेला आडनावांचा नकाशा]

पण हा नकाशा बघा. 1881. चक्क रेल्वे आली, शहरं फुगली, तरीही टकर अजून डेव्हन, कॉर्नवॉल, डॉर्सेट, सॉमरसेटमध्येच दाटलेले. फुलर ससेक्स, केंट, सफोक, नॉरफोकमध्ये. वॉकर इंग्लंडच्या मध्यभागातल्या मिडलंड्सपासून वर यॉर्कशरपर्यंत, पुढे स्कॉटलंडात. 500 वर्षं माणसं आपापल्या ओढ्याजवळच राहिली, असं हा नकाशा सांगतो.

[दृश्य: नॉरफोकमधलं रेडनहॉलचं चर्च, मग समुद्र]

जी राहिली नाहीत त्यांच्यापैकी दोन भाऊ रेडनहॉलचे. एडवर्ड आणि सॅम्युअल फुलर. वडील रॉबर्ट फुलर खाटीक होते. म्हणजे आडनाव कापडाचं आणि धंदा मांसाचा. सॅम्युअल धार्मिक छळामुळे हॉलंडमधल्या लायडनला गेला आणि तिथं लोकरी कापड विणू लागला. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून दोघं भाऊ अमेरिकेला गेले. पहिल्याच हिवाळ्यात एडवर्ड आणि त्याची बायको वारली. त्यांचा मुलगा वाचला. सॅम्युअल वसाहतीचा वैद्य झाला आणि 1633च्या साथीत गेला.

[दृश्य: बर्म्युडा, टकर्स टाउनचा किनारा]

केंटमधल्या मिल्टनच्या घराण्यातला डॅनियल टकर 1616 साली बर्म्युडाचा गव्हर्नर झाला. बेटावर आजही टकर्स टाउन आहे. बर्म्युडातच 1752 साली जन्मलेला सेंट जॉर्ज टकर पुढे व्हर्जिनियात न्यायाधीश झाला. 1796 साली त्यानं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा आराखडा छापला. त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते.

[दृश्य: हॅम्प्टन, व्हर्जिनिया. झाडांखालची दफनभूमी.]

1625च्या सुरुवातीच्या व्हर्जिनियाच्या शिरगणतीत कॅप्टन विल्यम टकरच्या घरात अँटोनी, इझाबेल आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला मुलगा विल्यम यांची नोंद आहे. तिघं आफ्रिकी. मुलाचं आडनाव लिहिलेलं नाही. आज तो विल्यम टकर म्हणूनच ओळखला जातो, आणि हॅम्प्टनमधलं टकर घराणं स्वतःला त्याचे वंशज मानतं.

[दृश्य: मुंबई उच्च न्यायालय, मनोरे आणि जिने]

भारतातही ही नावं आली. स्कॉटलंडचा अलेक्झांडर वॉकर 1802पासून बडोद्याला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी होता. काठियावाडच्या संस्थानांच्या खंडणीचा तह त्याच्याच नावानं ओळखला जातो. आणि मुंबई उच्च न्यायालयाची ही इमारत कर्नल जेम्स फुलरच्या आराखड्यानुसार 1878 साली पुरी झाली.

[दृश्य: चर्चची जुनी नोंदवही, शाईतली ओळ जवळून]

ज्यांना आपलं किंवा दुसऱ्या कुणाचं आडनाव मागं मागं शोधायचंय त्यांच्यासाठी क्रम असा. सुरुवात जिवंत नातेवाइकांपासून. मग इंग्लंडमधली 1837च्या जुलैपासूनची सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंद. मग दर दहा वर्षांची जनगणना. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या. त्या 1538पासून ठेवाव्यात असा हुकूम होता, पण बऱ्याच गावांतल्या सुरुवातीच्या वह्या हरवल्या आहेत. स्पेलिंगवर अडून बसू नये. टकर, टूकर, टाउकर ही एकाच माणसाची तीन रूपं असू शकतात, कारण लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा.

आणि एकच आडनाव म्हणजे एकच घराणं, असं धरून चालू नये. वॉकर शेकडो गावांत स्वतंत्रपणे उगवलं. स्कॉटलंडमध्ये कापड तुडवणाऱ्याचं गेलिक नाव इंग्रजीत वॉकर झालं. आयर्लंडमध्ये ओ टुआहर हे वेगळंच जुनं नाव कधी कधी टकर म्हणून लिहिलं गेलं, त्याचा कापडाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या काही ज्यू घराण्यांचं टकर पूर्व युरोपातल्या टोकरपासून आलं, म्हणजे फिरत्या चरकावर लाकूड कातून वस्तू घडवणाऱ्यापासून. अमेरिकेत टकर सापडला की लगेच डेव्हनची वाट धरू नये. आधी जहाजाची यादी, मग त्यातलं बंदर, मग त्या बंदरामागचं गाव.