मुक्कामाची उंची : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या टीहाउस ट्रेकची आखणी

(दृश्य : दूधकोशी नदीच्या खोऱ्याचा नकाशा. लुक्लापासून उत्तरेकडे सरकत जाणारी रेघ.)

नेपाळच्या खुंबू भागातील लुक्ला या गावापासून एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंतची पायवाट एका बाजूने साधारण पासष्ट किलोमीटरची आहे आणि मुक्काम वाटेवरच्या टीहाउसमध्ये, म्हणजे खाण्याराहण्याची सोय असलेल्या लहान लॉजमध्ये करायचे असतात. सपाटीवर रोज चालणारा माणूस एवढे अंतर तीन दिवसांत कापू शकेल. या वाटेवर मात्र वर पोहोचायलाच आठ दिवस धरावे लागतात आणि त्यांतले दोन दिवस तर सॅक न उचलता आहे त्याच गावात काढायचे असतात. हे दोन दिवस कशासाठी, हे ज्याच्या नीट ध्यानात आले त्याची निम्मी आखणी झाली असे समजायला हरकत नाही; कारण या प्रवासाचे वेळापत्रक आज किती चालायचे यापेक्षा आज रात्री किती उंचीवर झोपायचे यावरून ठरते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकिनारी असते तेवढेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के, बेस कॅम्पवरही असते. घटतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पच्या ५,३६४ मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. शरीर आपल्या परीने त्यावर उपाय करते : श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा समतोल नव्याने साधतात, पुढे तांबड्या पेशींची संख्याही वाढू लागते. या कामाला दिवस लागतात आणि ते दिवस तंदुरुस्तीच्या जोरावर वाचवता येत नाहीत. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्यांचे कसलेले पाय येथे निश्चितच उपयोगी पडतात, परंतु महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंचीचे, म्हणजे लुक्लाच्या धावपट्टीपेक्षाही सुमारे बाराशे मीटरने खाली आहे, हे विसरून चालत नाही. किंबहुना ज्याचा दम चांगला असतो तो भराभर चढतो आणि त्यामुळेच पुष्कळदा आधी आजारी पडतो.

पर्वतीय वैद्यकातील संकेत सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा त्याहून वर चढून परत आल्यास बिघडत नाही. उलट ते फायद्याचेच असते.

(दृश्य : कागदावरील तक्ता. गावांची नावे आणि त्यांपुढे उंचीचे आकडे.)

हा संकेत आता प्रत्यक्ष वाटेवर लावून पाहू. लुक्ला सुमारे २,८६० मीटरवर आहे आणि पहिला मुक्काम असलेले फाकदिंग त्याहूनही खाली, २,६१० मीटरवर. दुसऱ्या दिवशी दूधकोशीवरील झुलते पूल ओलांडत, शेवटी सहाशे मीटरची खडी चढण चढून नामचे बाजार गाठायचे. त्याची उंची ३,४४० मीटर. एका दिवसातील ही उडी मोठी आहे, म्हणूनच तिसरा दिवस नामचेतच राखलेला असतो. त्या दिवशी लोळत पडायचे नसते. स्यांगबोचेच्या माथ्यावर ३,८८० मीटरपर्यंत चढून जावे, आकाश स्वच्छ असल्यास एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दाब्लम पाहावेत आणि झोपायला पुन्हा नामचेला उतरावे. चौथा दिवस तेंगबोचेचा, आणि नवख्यांना सर्वांत जास्त चकवतो तो हाच. तक्त्यावर नामचे ते तेंगबोचे हा फरक जेमतेम चारशे वीस मीटरचा दिसतो. प्रत्यक्षात वाट आधी फुंकी थेंगा येथे नदीपर्यंत, ३,२५० मीटरवर, उतरते आणि तेथून सहाशे मीटर पुन्हा चढते. कमावलेली उंची अशी उधळावी लागते तेव्हा पायांपेक्षा मनच अधिक कुरकुरते.

पाचव्या दिवशी दिंगबोचे, ४,४१० मीटर. येथे दुसरा विश्रांतीचा दिवस. सातव्या दिवशी लोबुचे, ४,९४० मीटर. आठव्या दिवशी गोरक्षेप, ५,१६४ मीटर, आणि त्याच दुपारी बेस कॅम्पपर्यंत जाऊन परत. बारकाईने पाहिल्यास तेंगबोचे ते दिंगबोचे आणि दिंगबोचे ते लोबुचे या दोन्ही टप्प्यांवर पाचशे मीटरची मर्यादा थोडी ओलांडली जाते. रूढ कार्यक्रमात हे चालवून घेतले जाते. ज्याच्या हाती एक दिवस जास्त आहे त्याने तो काठमांडूत खरेदीसाठी न ठेवता ३,९८५ मीटरवरील पांगबोचे येथे खर्च करावा, असे आमचे मत आहे. त्यामुळे पुढची चढाई टप्प्याटप्प्याने होते.

आणखी एक गोष्ट आखणीतच धरावी लागते. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही. पश्चिमेकडील धार आणि नुप्त्से ते झाकून टाकतात. ज्यांना शिखर पाहायचे आहे त्यांनी नवव्या दिवशी पहाटे गोरक्षेपमागील काला पत्थरच्या साडेपाच हजार मीटरवरील माथ्यावर चढण्याची ताकद राखून ठेवली पाहिजे. आदल्या दिवशी बेस कॅम्पवर छायाचित्रांत रमून अंधार पडेपर्यंत रेंगाळणाऱ्यांची ही पहाट हुकते.

(दृश्य : फेरिचे. दगडी भिंतींमधील वारा झोडपत असलेले पठार.)

दिंगबोचेच्या पलीकडच्या खोऱ्यात फेरिचे आहे. तेथे २७८ ट्रेकर्सची पाहणी करून केलेला एक अभ्यास १९७६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील त्रेपन्न टक्के लोकांमध्ये अतिउंचीच्या आजाराची लक्षणे आढळली होती आणि विमानाने थेट लुक्लाला उतरलेल्यांमध्ये हे प्रमाण खालून चालत आलेल्यांपेक्षा अधिक होते. लुक्लाची धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने बांधली गेली. एव्हरेस्ट प्रथम सर करणाऱ्या १९५३ च्या मोहिमेला मात्र काठमांडूच्या खोऱ्यापासूनच चालत यावे लागले होते. आजही लुक्लाच्या खालच्या बाजूच्या सल्लेरी या गावापर्यंत वाहनाने येऊन तेथून चालत वर जाता येते. त्याला काही दिवस जास्त लागतात, पण ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी ही वाट अधिक शहाणपणाची, आणि गर्दीही कमी.

अडचण असते ती रजेची. ट्रेकची आखणी करताना बहुतेक जण आधी रजा मोजतात आणि मग तिच्यात बेस कॅम्प बसवतात. अशा वेळी पहिली कात्री लागते ती नामचे आणि दिंगबोचे येथील दिवसांनाच, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. रजा कमी असेल तर हा ट्रेक पुढे ढकलावा किंवा तेंगबोचेपर्यंत जाऊन परतावे. तेंगबोचेचा मठ आणि तेथून दिसणारी आमा दाब्लम हा काही कमी प्रतीचा प्रवास नव्हे.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर आणि झोप न लागणे ही आजाराची पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर जायचे नाही, आणि ती वाढली तर खाली उतरायचे. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर मेंदूत अथवा फुप्फुसांत पाणी साठत असल्याची ती खूण असू शकते. मग रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता उतरावे लागते. डायमॉक्स या नावाने परिचित असलेले अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते, परंतु ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र फेरिचे येथे हंगामात चालू असते आणि तेथील डॉक्टर दुपारी ट्रेकर्सना या आजाराविषयी माहिती देतात.

गटाने जाणाऱ्यांनी घरीच एक प्रश्न सोडवून ठेवावा : एखाद्याला लोबुचेहून रात्री खाली न्यावे लागले, तर त्याच्यासोबत कोण उतरणार? आठ जणांच्या गटात एकच गाइड असेल तर तो आजाऱ्याबरोबर खाली जाईल आणि उरलेले सात जण गाइडविना राहतील. त्यामुळे मोठ्या गटाला सहायक गाइड लागतोच. तो खर्च वाचवण्यात अर्थ नाही. दुसरे असे की, पैसे भरलेले असतात, सोबत मित्र असतात, म्हणून माणसे डोकेदुखी लपवतात. अनुभवी गाइड रोज रात्री जेवताना प्रत्येकाच्या ताटाकडे पाहतो, कारण कोण किती जेवले यावरून त्याला बरेच कळते.

(दृश्य : टीहाउसमधील जेवणघर. मध्यभागी लोखंडी शेगडी, भोवती सुकत ठेवलेले मोजे.)

या वाटेवर तंबू आणि शिधा वाहून न्यावा लागत नाही, याचे श्रेय येथील टीहाउसना जाते. दिवसभराच्या चालीनंतर मिळते ती प्लायवूडच्या भिंतींची खोली, दोन अरुंद खाटा, फोमच्या गाद्या आणि एखादी जाड रजई. शेजारच्या खोलीतला खोकला आपल्याच खोलीत असल्यासारखा ऐकू येतो. शेगडी फक्त जेवणघरात असते. ती तिन्हीसांजेला पेटते आणि उंचावर तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात, कारण लाकूड तेथे उगवतच नाही. खोलीचे भाडे तुलनेने अगदी कमी असते आणि त्यामागे एक गृहीत असते की पाहुणा रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी तेथेच घेईल. झोपायला एका ठिकाणी आणि जेवायला दुसरीकडे, हे येथे शिष्टाचाराला सोडून समजले जाते.

न्याहारीची मागणी आदल्या रात्रीच खोली क्रमांक आणि वेळेसह वहीत लिहून द्यायची असते. दालभात सर्वांत भरवशाचा, कारण तो ताजा शिजतो आणि भात, डाळ, भाजी पुन्हा वाढली जाते. नामचेच्या वर मांसाहार टाळलेला बरा. खुंबूत प्राणी मारत नाहीत, त्यामुळे मांस खालून कित्येक दिवस पाठीवरून आलेले असते. तांदूळ, गॅसची टाकी, अंडी, सारेच याक, झोप्क्यो (याक आणि गाय यांचा संकर) किंवा माणसाच्या पाठीवरून वर येते, म्हणून उंचीबरोबर दर चढत जातात. मोबाइल चार्ज करणे, गरम पाण्याची अंघोळ आणि वायफाय यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात आणि अंदाजपत्रक कोलमडते ते याच किरकोळ वाटणाऱ्या बाबींमुळे. एटीएम नामचेपर्यंतच, पुढे रोख नेपाळी रुपये लागतात. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर असल्याने हिशेब निदान सोपा आहे. ऐन हंगामात गोरक्षेपला खोल्या अपुऱ्या पडतात, तेव्हा गाइडने आधीच फोन करून जागा धरून ठेवावी.

हंगाम दोन : ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. शरदात आकाश अधिक स्वच्छ, वसंतात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला. तरीही शरदावर डोळे मिटून विसंबू नये. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे दोनच दिवसांनी अन्नपूर्णा भागात प्रचंड बर्फवृष्टी झाली आणि ५,४१६ मीटरवरील थोरोंग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक लोकांचा बळी गेला. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर वरचा टप्पा थांबवावा, हा नियम गाइडशी आधीच बोलून ठेवावा.

सागरमाथा राष्ट्रीय उद्यान आणि स्थानिक पालिका यांची परमिटे वेगवेगळी आहेत. उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांतील नागरिकांना सवलत आहे. विमानाने नेपाळला जाणाऱ्या १५ ते ६५ वर्षे वयाच्या भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. गाइड सक्तीचा असल्याचा निर्णय नेपाळ पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून लागू केला, परंतु खुंबूतील पालिकेने वेगळी भूमिका घेतली, म्हणून निघण्यापूर्वी ताजी स्थिती विचारून घ्यावी. नियम काहीही असो, वर सांगितलेल्या कारणांसाठी गाइड असावा. विमा घेताना हेलिकॉप्टरने सुटका आणि सहा हजार मीटरपर्यंतची उंची या दोन बाबी कागदावर स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, ते वाचून पाहावे. अनावश्यक हेलिकॉप्टर-सुटकेच्या गैरप्रकारांची नेपाळ सरकारने २०१८ मध्ये चौकशी केली होती, त्यामुळे विमा कंपन्याही आता अधिक प्रश्न विचारतात.

पोर्टर साधारणपणे दोघांमागे एक घेतला जातो. पोर्टरांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नेपाळसाठी तीस किलोची मर्यादा सुचवली आहे आणि त्यात त्याचे स्वतःचे सामानही आले. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बारा किलोच्या आसपास. पोर्टर सखल भागातील असू शकतो. त्यालाही उंचीचा त्रास होतो, थंडी वाजते. त्याचा विमा, उबदार कपडे आणि रात्रीची निवाऱ्याची जागा यांची चौकशी पैसे ठरवतानाच करावी, कारण वर पोहोचल्यावर ती करून उपयोग नसतो.

(दृश्य : लुक्ला. ढगांत हरवलेले धावपट्टीचे टोक.)

राहिला परतीचा प्रश्न. लुक्लाची उतरती धावपट्टी केवळ ५२७ मीटर लांब आहे आणि तेथील उड्डाणे पूर्णपणे नजरेच्या टप्प्यावर अवलंबून असतात. दुपारी वारा आणि ढग वाढतात, म्हणून विमाने सकाळीच उडतात. गर्दीच्या महिन्यांत ती काठमांडूऐवजी रामेछापमधील मंथली येथून सोडली जातात आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर रस्त्याने निघावे लागते. नोव्हेंबर २०११ मध्ये सलग काही दिवस धुके राहिले, तेव्हा हजारांहून अधिक ट्रेकर्स लुक्लात अडकून पडले होते. त्यामुळे लुक्लाचे तिकीट आणि काठमांडूहून मायदेशी जाण्याचे तिकीट यांच्यामध्ये किमान दोन दिवस मोकळे सोडावेत. हवामान बिघडलेच, तर वाटून घेतलेले हेलिकॉप्टर किंवा सल्लेरीच्या दिशेने चालत जाऊन जीप पकडणे हे पर्याय उरतात आणि दोन्हींसाठी थोडी रोकड बाजूला लागते. विमान वेळेवर उडाले, तर ते दोन दिवस काठमांडूच्या खोऱ्यातील पाटण आणि भक्तपूर पाहण्यात सहज निघून जातात.